अनिशच्या इंग्लंडच्या शेजारी

आमच्या चौक गावात इंग्लंड आलं ते टेम्पोतून. तपकिरी रंगाच्या लांबलचक प्लास्टिकच्या पट्ट्या, गठ्ठे बांधलेल्या. माझ्या वलांडीला, म्हणजे बोंबील वाळत घालायच्या बांबूंना लागून जी जागा आहे तिथे ते गठ्ठे उतरले, आणि थोड्याच दिवसांत सिमेंटच्या खोल्यांवर त्या पट्ट्या चिकटवूनही झाल्या. उभ्या, आडव्या, तिरक्या. मधली जागा पांढरी. छपरावर खोटं गवत. फाटकावर पाटी लागली, 'ओल्ड ओक व्हिलेज'. ओक कशाशी खातात हे त्यातल्या एकाही पट्टीला माहीत नव्हतं.

मी कॉनी. माझं तोंड फटकळ आहे असं गाव म्हणतं, आणि गाव काही खोटं बोलत नाही. नवरा इनास मासेमारी करायचा, तो गेला. मुलगी जेनेल इंग्लंडात नर्स आहे. माझ्या हातात राहिली ती ही जागा, रस्त्यापासून किनाऱ्यापर्यंतचा एक लांबट पट्टा. त्यात वलांडी, आणि समुद्राच्या टोकाला जाळी, टोपल्या, मीठ ठेवायची पत्र्याची खोली. बोंबील घ्यायचा, वाळवायचा, विकायचा, ह्याच्यावर माझं चालतं. जागा गेली तर मला मुलीच्या जिवावर बसून खावं लागेल, आणि ते मी मेले तरी करणार नाही. एवढं सांगितलं की पुढचं सगळं कळेल.

रिसॉर्टचा मालक अनिश. तिशीतला, दिसायला नीटस, बोलायला साखर. इंग्लंडला चार दिवस जाऊन आला होता आणि तिथलं खेडं आमच्या किनाऱ्यावर उतरवायचं त्याच्या मनाने घेतलं होतं. मला त्याची खोटी घरं बघून हसू यायचं, कारण मी खऱ्या घरात राहून आले होते.

जेनेलच्या बाळंतपणाला मी गेले तेव्हा ती हेरफर्डच्या बाजूला एका खेड्यात भाड्याने राहायची. घर इतकं वाकडं की आल्या आल्या मी तिला म्हटलं, अगं, दुसरं बघ, हे पडेल. ती म्हणाली, "मम्मा, हे चारशे वर्षं पडतंय." जिन्याजवळच्या तुळईला माझं डोकं रोज आपटायचं. रोज मी तिला मराठीत शिव्या घालायचे आणि ती तुळई ऐकून घ्यायची.

घरमालकीण मिसेस प्रॉसर, चांगली म्हातारी, शेजारीच राहायची. तिला मराठीचा गंध नाही आणि माझं इंग्रजी कामापुरतं. पण एकदा भिंतीचा पोपडा पडला आणि आतून विणलेल्या काटक्या दिसल्या. ती बिचारी ओशाळली. म्हणाली, आत माती आहे, गवत आहे आणि, माफ करा, शेण आहे. मी टाळीच वाजवली. माझ्या आजोळी डोंगरीला कुडाच्या भिंती होत्या, कारवीच्या काड्या विणून वर शेणमाती लिंपलेल्या. म्हटलं, बाई, लाजतेस काय, आम्हीपण हेच करायचो! त्या दिवसापासून आमची गट्टी जमली.

मग तिने मला घर दाखवलं, आपलं लेकरू दाखवावं तसं. भिंती नुसत्या झाकायला. सगळा भार लाकडाच्या सांगाड्यावर. वाकडं झाड निवडायचं, मधून उभं चिरायचं आणि दोन्ही फाका समोरासमोर उभ्या करून वर टेकवायच्या, की झाली एक कमान. अशा दोन-तीन कमानी, मध्ये आडवी लाकडं, सांध्यांत लाकडाच्याच खुंट्या. लोखंडाचा खिळा नाही. काळा रंगही पुष्कळ नंतर आला म्हणे, आधी लाकडं आपली राखाडीच असायची. गावातले लोक सांगतात की ही लाकडं जुन्या जहाजांची आहेत, पण मिसेस प्रॉसर म्हणाली की बहुतेक त्या गप्पाच. असतील गप्पा. मी मात्र रात्री अंथरुणावरून वर बघायचे आणि मला वाटायचं, मी उलट्या बोटीत झोपलेय. इनासची आठवण यायची आणि मी रडायचे.

परत आल्यावर मे महिन्यात वादळ झालं आणि माझी पत्र्याची खोली उडाली. पत्रे कुठे गेले ते समुद्रालाच ठाऊक. वारा पडतो न पडतो तोच अनिश हजर.

"आंटी, आता परत पत्रा नका लावू ना," तो म्हणाला. "माझे गेस्ट सनसेट बघायला येतात आणि समोर पत्रा. बुरा लगता है."

"मग त्यांना डोळे मिटून बघायला सांग."

तो हसला. "मी काय म्हणतो, जागा मला देऊन टाका. मी कंपाउंड घालून घेतो. तुम्हाला आत एक मस्त काउंटर देतो. ट्रॅडिशनल कोळीण. लुगडं नेसून बसायचं, गेस्ट फोटो काढणार."

"मी लुगडं नेसत नाही. गाऊन घालते. गाऊनमध्ये चालेल?"

त्याने माझ्या गाऊनकडे एकदा बघितलं. मग हात जोडून म्हणाला, "ठीक आहे, बांधा. तुमची जागा, तुमची मर्जी. पण कम से कम मॅचिंग तर बांधा. माझ्या थीमला शोभेल असं. इंग्लिश लुक."

"इंग्लिश बांधलं तर तुझी तक्रार नाही?"

"काहीच नाही, आंटी. प्रॉमिस."

त्याला वाटलं असणार, ही बाई कुठून आणतेय इंग्लिश लुक. चार पावसाळे ताडपत्रीखाली काढेल आणि कंटाळून जागा सोडेल. मी मात्र त्याच पावली कॅजिटनकडे गेले.

कॅजिटन आमच्या गावचा बोटी बांधणारा सुतार. फायबरच्या बोटी आल्यापासून त्याला काम नव्हतं, म्हणून तो चर्चच्या कठड्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला नावं ठेवायचा. हाताला कसब, पण गर्व असा की स्वतः नोहाने होडीसाठी विचारलं असतं तरी त्याने दहा चुका काढल्या असत्या. मी त्याला मोबाइलवर जेनेलच्या घराचे फोटो दाखवले. त्याने चष्मा वर केला, खाली केला.

"ही तर आपली होरी," तो म्हणाला. "गोऱ्यांनी उलटी घातली आनि चारशे वर्सा भाव खाल्ला."

"तुला जमंल काय?"

"मना जमंल काय इचारतंस? त्यांना कसा जमला ता इचार."

इनासची बोट किनाऱ्यावर कलंडून पडली होती. बेकरीवाला दोनदा भट्टीसाठी मागायला आला होता आणि दोन्ही वेळा मी त्याला हाकललं होतं. बोट खोलताना मी तिथे उभी राहिले नाही, घरात जाऊन भांडी घासली. संध्याकाळी जाऊन बघते तर बाभळीच्या वाकड्या बरगड्या जोडीजोडीने वाळूत मांडलेल्या, आणि त्यांच्या मधोमध कॅजिटन कमरेवर हात ठेवून उभा. लाकूड आतून निबर होतं. इतकी वर्षं खारं पाणी पिऊन ते मेलेलं नव्हतं. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पाऊस सरल्यावर दोन-दोन बरगड्या सांधून त्याने कमानी केल्या. सागाच्या फळ्यांची आडवी लाकडं झाली. चेणे गावातून बांबूच्या कामट्या आणल्या आणि गल्लीतल्या बायकांनी त्या विणून भिंती केल्या. शेणमातीचं लिंपण मी स्वतः केलं आणि वर चुना मारला. शेवटी कौलं. कामाच्या दिवसांत कॅजिटन कोणाला जवळ फिरकू देत नव्हता, मलासुद्धा. त्यामुळे घर उभं राहिल्यावरच मी ते चारही बाजूंनी नीट बघितलं, आणि माझं डोकं फिरलं.

घर माझ्या जागेत सरळ उभंच नव्हतं. तिरकं होतं. पुढचं तोंड थेट समुद्राकडे आणि मागचा कोपरा रिसॉर्टच्या अंगाला गेलेला.

"कॅजिटन, ह्या काय?"

"नाक दर्याला," तो म्हणाला, जणू मीच वेडी. "वारा नाकावर घ्यायचा. कोन आडवी ठेवते काय?"

"अरं, ह्या घर हाय!"

"मग? घराला वारा लागत न्हाय?"

मी वाकून खाली बघितलं. पाया नाहीच. सगळा सांगाडा दोन लांब जाड लाकडांवर, आणि त्या लाकडांखाली ओळीने गोल ओंडके, बोट किनाऱ्यावर ओढून ठेवतात तसेच.

"आनि ह्या ओंडक्यांवर कशाला ठेवलंस?"

"बुड वाळूत टेकवला की सडते. मना शिकवतंस?"

वर त्या महाभागाने सगळ्या लाकडांना मुशीचं, म्हणजे शार्क माशाचं, तेल चोपडलेलं. मुशीच्या काळजाचं तेल बोटीला लावतात, कीड लागत नाही, पण वास असा की माणूस जेवण विसरेल. माझं आणि त्याचं जोरदार भांडण झालं. मी म्हटलं, तुला घर सांगितलं आणि तू दार लावलेली बोट दिलीस. तो म्हणाला, तुझ्या गोऱ्यांकडून करून घे. मग पटाशी उचलून गेला आणि कित्येक दिवस माझ्याकडे बघून थुंकायचा. चर्चमध्येसुद्धा मान फिरवायचा.

राग ओसरल्यावर मी एकदा संध्याकाळी आत जाऊन बसले. वर बघितलं. त्या कमानी, त्या खुंट्या, इनासची बोट. मिसेस प्रॉसरच्या घरापेक्षा तसूभर कमी नव्हतं. मी जेनेलला व्हिडिओ पाठवला, तिने म्हातारीला दाखवला. म्हातारीचा निरोप आला, "थोडं वाकडं आहे, म्हणजे बरोबर आहे." मी तो निरोप मुद्दाम मोठ्याने वाचला, कॅजिटनच्या खिडकीखाली उभी राहून.

पुढे काय झालं, तर अनिशचे गेस्ट माझ्याकडे यायला लागले. आधी वासाने नाक धरायचे, मग फोटो काढायचे, मग खुंट्यांवरून हात फिरवायचे. एक बाई विचारत होती, ह्यातलं ओरिजिनल कोणतं? मी म्हटलं, बोटाने वाजवून बघा. तिने माझ्या खांबावर टिचकी मारली, मग जाऊन रिसॉर्टच्या खांबावर मारली. प्लास्टिक कसं वाजतं ते सगळ्यांना ठाऊक असतं. त्याच आठवड्यात अनिश आला, ह्या वेळी साखर घरी ठेवून.

"आंटी, हे काय लावलंय?"

"मॅचिंग."

"वास येतो. गेस्ट कंप्लेंट करतात."

"लुकचं बोलला होतास. वासाचं काही बोलला नव्हतास."

तो माझ्या घराकडे बराच वेळ बघत राहिला. त्या मागच्या कोपऱ्याकडे जरा जास्तच. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

रविवारी सकाळी मी पहाटेची चर्चमधली मिस्सा करून आले होते, कारण बोंबील उलटायचे होते. बाकीचं गाव मोठ्या मिस्साला गेलं होतं. गल्लीत कुत्रीसुद्धा झोपलेली. अनिशने ही वेळ बरोबर हेरली होती. रिसॉर्टच्या बाजूने जेसीबी आला आणि त्याच्या मागोमाग मोजणीवाला, तीन पायांचं यंत्र घेऊन. हरिश्चंद्र नाव त्याचं. माणूस सरळ होता. समुद्राकडच्या भेंडीच्या झाडाखाली आमच्या दोन जागांमधला दगड आहे, दुसरा दगड रस्त्याला. त्याने ह्या दगडावर यंत्र लावलं, त्या दगडावर छपरांवरूनही दिसेल एवढी उंच काठी उभी केली, डोळा लावून बघितलं आणि खाली मान घालून म्हणाला, "बाई, तुमच्या घराचा मागचा कोपरा ह्यांच्या हद्दीत जातोय. दीड-दोन हात."

मी त्याच्या यंत्रातून बघितलं. खरंच जात होता. कॅजिटनच्या नावाने मी मनात जे बोलले ते लिहिता येणार नाही.

"आंटी, मला पण वाईट वाटतं," अनिश म्हणाला. "पण लाईन म्हणजे लाईन. तेवढा कोपरा तोडावा लागेल. बाकीचं तुमचं राहू दे."

बाकीचं राहू दे म्हणे. लाकडाच्या सांगाड्यातून कोपऱ्याची कमान काढली की उरतं काय? सगळं बसणार, आणि घर बसलं की माझी जागा परत मोकळी. मग पावसाळ्यात मी ताडपत्रीखाली, आणि एक दिवस कंपाउंडची भिंत. त्याला हे माझ्याइतकंच कळत होतं. मला घाम फुटला होता, पण त्याच्यासमोर पुसला नाही.

"तोड," मी म्हटलं. "पण आधी रेघ मार. चुन्याने. माझ्या डोळ्यांना दिसू दे मी कुठे चुकले ते."

"आंटी, टाइम वेस्ट नका करू."

"बाईंचं बरोबर आहे," हरिश्चंद्र म्हणाला. "रेघ मारल्याशिवाय मीही तोडा म्हणणार नाही."

अनिशच्या माणसांनी चुन्याची गोणी आणली, दोरी ताणली. समुद्राकडच्या दगडापासून पांढरी रेघ निघाली आणि सावकाश माझ्या घरापर्यंत आली. मी मध्येच हरकत घ्यायचे, इथे दोरी ढिली आहे, तिथे चुना कमी पडलाय. हरिश्चंद्र न चिडता परत ताणायला सांगायचा. शेवटी रेघ माझ्या कोपऱ्याखालून गेली आणि पलीकडे थोडी पुढे जाऊन थांबली. त्याच वेळी चर्चची घंटा झाली.

चौक गाव रिकामं कधी असतं, हे अनिशने शोधून काढलं होतं. पण मिस्सा सुटल्यावर सगळं गाव एका जागी असतं, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. जेसीबीचा आवाज चर्चपर्यंत गेला होताच. किनाऱ्याच्या वाटेने लोक यायला लागले. इस्त्रीचे शर्ट, बायकांच्या चांगल्या साड्या, म्हाताऱ्यांची लुगडी, केसांत फुलं. सगळे येऊन रेघेच्या ह्या बाजूला उभे राहिले. सगळ्यांच्या मागून कॅजिटन, रविवारचा कोट घालून.

त्याने रेघ बघितली, कोपरा बघितला, जेसीबी बघितला. महिनाभर माझ्याशी न बोललेला माणूस म्हणाला, "मग सरकवा."

"काय सरकवा?"

"घर. ओंडके काय शोभेला ठेवलंय मी?"

त्याने ओंडके सवयीने ठेवले होते, हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही. पण भांडायची ती वेळ नव्हती. दोर आले. घराखालच्या दोन लांब लाकडांना ते बांधले. पुरुषांनी बूट-चपला काढल्या, पँटी गुडघ्यापर्यंत दुमडल्या. बायकांनी पदर खोचले. अनिश हसत होता, मोबाइल काढून व्हिडिओ घेत होता.

मग सगळे थांबले. ओढायचं तर आरोळी द्यायला कोणीतरी हवं. आरोळीशिवाय शंभर माणसंही शंभर वेगवेगळ्या वेळी ओढतात. आमच्या भागात आरोळी इनास द्यायचा. तो गेल्यावर बोटी ट्रॅक्टरने ओढायला लागले आणि कोणाची गरजच पडली नाही. पुरुष एकमेकांकडे बघायला लागले. बाईने आरोळी द्यायची पद्धत नाही. पद्धत नाही तर नाही! मी पुढे गेले, भेंडीच्या दगडाजवळ, माणसांकडे आणि घराकडे तोंड करून उभी राहिले, आणि छातीत होता नव्हता तेवढा श्वास घेऊन ओरडले.

"हैऽऽश्शा!"

पहिल्या हाकेला नुसते दोर ताठ झाले. दुसरीला घर कण्हलं, सगळ्या खुंट्या एकदम बोलल्या, लिंपणाचा एक पोपडा गळून पडला. माझा आवाज फाटला होता. तो इनाससारखा नव्हता आणि मला तसा काढायचाही नव्हता. तिसऱ्या हाकेला ओंडके फिरले आणि इनासची बोट परत चालायला लागली. मागचे मोकळे झालेले ओंडके उचलून लोक पुढे आणून टाकत होते. कॅजिटन कोटासकट वाळूत आडवा पडून खाली बघत होता आणि सगळ्यांना शिव्या देत होता. मी ओरडत होते आणि रडत होते, दोन्ही एकाच वेळी, आणि कोणी बघतंय ह्याची मला पर्वा नव्हती.

मागचा कोपरा रेघेवर आला, रेघ ओलांडून माझ्या बाजूला आला, आणि अजून हातभर आत आल्यावर मी हात वर केला. घर थांबलं. कौल एक हललं नव्हतं.

हरिश्चंद्राने यंत्राला डोळा लावला. "झालं," तो म्हणाला. "आता ह्यांची हरकत राहिली नाही."

अनिशने मोबाइल खिशात टाकला. हसू गेलं होतं, पण त्याने स्वतःला सावरलं. "चला, चांगलं झालं," तो जेसीबीवाल्याला म्हणाला. "निकल, भाई."

"थांब," मी म्हटलं.

आरोळी देताना माणसाचं तोंड मागे असतं. सगळे समुद्राकडे ओढत होते, आणि मी एकटी रस्त्याकडे बघत होते. म्हणून मला दिसलं. माझ्या पायापासून निघालेली चुन्याची रेघ घराच्या थोडी पुढे जाऊन थांबली होती, पण नजर काही तिथे थांबत नाही. ती सरळ पुढे गेली होती, रस्त्याच्या दगडावरच्या उंच काठीपर्यंत.

"हरिश्चंद्रभाऊ, रेघ अर्धीच मारलीत. त्या दगडापर्यंत पुरी करा."

"त्याची गरज नाही," अनिश घाईने म्हणाला. "प्रॉब्लेम सॉल्व झाला ना?"

"लाईन म्हणजे लाईन," मी म्हटलं.

हरिश्चंद्राने एकदा अनिशकडे बघितलं आणि मग स्वतःच चुन्याचं घमेलं उचललं. गावातल्या दोघांनी दोरी धरली. रेघ पुढे निघाली. वलांडीच्या कडेने गेली, रिसॉर्टच्या शोभेच्या झुडपांत शिरली, हिरवळीवरून गेली आणि ओळीतल्या शेवटच्या कॉटेजच्या पायरीवर चढली. तिथे हरिश्चंद्र थांबला. दरवाज्यात टॉवेल गुंडाळलेला एक गेस्ट उभा होता, तो आत पळाला. मग हरिश्चंद्र कॉटेजला वळसा घालून पलीकडे गेला आणि मागच्या भिंतीपासून रेघ परत सुरू केली, थेट रस्त्याच्या दगडापर्यंत. अख्खा व्हरांडा आणि बाथरूम माझ्या बाजूला होतं.

अनिश आपल्या कॉटेजकडे बघत होता. त्या पट्ट्या, ते खोटं गवत, खाली जमिनीत खोल गेलेलं सिमेंट.

"आंटी," तो म्हणाला. आवाज परत गोड झाला होता. "हे आपण बसून बोलू. आपण शेजारी आहोत."

"बोलू की."

मी माझ्या घराचा दोर सोडवला. जाड, ओला, शंभर हातांनी ओढून गरम झालेला. रेघेवरून चालत गेले आणि त्याचं टोक त्याच्या हातात दिलं.

"माझं सरकलं," मी म्हटलं. "आता तुझं सरकव."